नेब्रास्कात स्कॉट फ्रॉस्टचं नेमकं काय चुकलं

प्रश्न थोडक्यात असा: स्कॉट फ्रॉस्टने २०१७ साली सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा, म्हणजे यूसीएफचा फुटबॉल संघ १३-० असा अपराजित नेला. लगेच तो आपल्या मातृसंस्थेत, नेब्रास्का विद्यापीठात, मुख्य प्रशिक्षक म्हणून आला. तिथे १६ विजय आणि ३१ पराभव झाल्यावर २०२२ च्या सप्टेंबरमध्ये त्याला काढलं. ज्याला अख्खं राज्य ‘आपला पोरगा’ म्हणत होतं, तो घरीच का फसला? (फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, लंबगोल चेंडूचा.)

यावर नेहमी तीन उत्तरं मिळतात: घरच्यांच्या अपेक्षांचं ओझं, फुटकं नशीब, आणि नेब्रास्कात चांगली पोरं येतच नाहीत. तिन्हींत थोडं तथ्य आहे, पण १६-३१ चा हिशेब त्यांनी लागत नाही. माझ्या मते खरं कारण कंटाळवाणं आहे. यूसीएफमधली व्यवस्था त्याने जशीच्या तशी उचलून आणली, तिच्यातली एक मोठी खोली रिकामी ठेवली, आणि घरचा माणूस म्हणून तीन-चार वर्षं कोणी ती खोली उघडून पाहिली नाही. ही खोली म्हणजे स्पेशल टीम्स. तिच्याकडे येण्याआधी थोडी पार्श्वभूमी लागेल.

आधी यूसीएफ. २०१५ साली हा संघ ०-१२ होता आणि फ्रॉस्टने दोन वर्षांत १३-० केला, एवढंच सगळ्यांना आठवतं. पण त्याच यूसीएफने २०१३ च्या हंगामात १२ सामने जिंकून फिएस्टा बोल या हंगामानंतरच्या मानाच्या सामन्यात बेलर विद्यापीठाला ५२-४२ हरवलं होतं. म्हणजे जमीन नापीक नव्हती, एक वर्ष पीक बुडालं होतं. वेगवान पोरं फ्लोरिडात गल्लोगल्ली मिळतात, आणि यूसीएफ ज्या गटात खेळत होतं तिथे समोरच्यांच्या ओळी (समोरासमोर भिडणाऱ्या धिप्पाड खेळाडूंच्या) फार जाडजूड नव्हत्या. फ्रॉस्ट ओरेगॉनमध्ये चिप केलीच्या हाताखाली आणि नंतर आक्रमणाचा कोऑर्डिनेटर म्हणून जे शिकला होता, ते इथे चपखल बसलं: मैदान आडवं ताणायचं, दोन डावांमध्ये (डाव म्हणजे इथे चेंडूची एकेक चाल) श्वास घ्यायला वेळ द्यायचा नाही, क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू घेऊन पास फेकणाऱ्या सूत्रधाराला, धावायलाही लावायचं. त्यात हवाईहून आणलेला मॅकेन्झी मिल्टन मिळाला. २०१७ मध्ये त्याने ४,००० यार्डांच्या वर पासिंग केलं. फ्रॉस्टचं काम उत्तमच होतं, यात वाद नाही. मात्र ‘शून्यातून उभं केलं’ ही कथा अर्धीच खरी होती, आणि नेब्रास्काने विकत घेतली ती कथा.

विकत घेण्यासारखी होतीही. वीस लाखांच्या आतबाहेर वस्तीचं राज्य, मोठ्या लीगमधला एकही व्यावसायिक संघ नाही, १९६२ पासून घरच्या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याची तिकिटं संपलेली. थोर प्रशिक्षक टॉम ऑस्बॉर्न यांचा शेवटचा हंगाम १९९७ चा. त्या वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिशिगनबरोबर वाटून मिळालं, तेव्हा क्वार्टरबॅक होता वुड रिव्हर गावचा हाच फ्रॉस्ट. २००३ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या फ्रँक सोलिच यांना नऊ सामने जिंकलेल्या हंगामानंतर काढलं. पुढे बिल कॅलाहन, बो पेलिनी आणि माइक रायली असे तीन बाहेरचे झाले. पेलिनी दर वर्षी नऊ-दहा सामने जिंकायचा आणि चार हरायचा, तेही लोकांना पुरलं नाही. रायलीचं शेवटचं वर्ष ४-८ गेलं. मग सात वर्षांचा, साडेतीन कोटी डॉलरचा करार करून घरचा माणूस आणला. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. इथे पिकलं तिथंच चढ्या भावाने विकलं गेलं.

पण ऑस्बॉर्न यांचा नेब्रास्का ज्या खांबांवर उभा होता, ते खांब फ्रॉस्ट यायच्या कितीतरी आधीच निघाले होते. शिष्यवृत्तीवरच्या खेळाडूंची मर्यादा १९७३ मध्ये १०५ होती, १९७८ मध्ये ९५ झाली आणि १९९४ पासून ८५. शैक्षणिक पात्रता अर्धवट असलेल्या खेळाडूंना घेण्याची सवलत नेब्रास्का तेव्हा ज्यात होतं त्या बिग १२ गटाने जवळजवळ बंद केली. २०११ मध्ये विद्यापीठ बिग टेन गटात गेलं आणि टेक्सासमधल्या पोरांशी असलेलं नातं पातळ झालं. स्वखर्चाने येणारे स्थानिक ‘वॉक-ऑन’ खेळाडू ही ऑस्बॉर्न यांची खास ताकद. फ्रॉस्टने ती परंपरा पुन्हा वाढवली. भावनेला ते छान वाटतं. मात्र सरावाचे तास नियमाने बांधलेले असतात. मैदानावर माणसं वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला येणारे डाव घटतात, आणि नव्या पद्धतीत पहिल्या फळीला तेच डाव हवे असतात.

आता सहाय्यकांकडे येऊ. यूसीएफचा जवळजवळ सगळा ताफा फ्रॉस्टने नेब्रास्कात आणला. संरक्षणाला एरिक चिनँडर, क्वार्टरबॅकला मारिओ वर्डुस्को, आक्रमणाच्या ओळीला ग्रेग ऑस्टिन, रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्यांना) रायन हेल्ड. ओळखीची माणसं आणण्यात गैर काही नाही, पहिल्या वर्षी भाषा एकच राहते. अडचण वेगळी होती. बिग टेनच्या पश्चिम विभागात, नोव्हेंबरच्या थंडीत, आयोवा आणि विस्कॉन्सिनच्या ओळींशी वर्षानुवर्षं झुंजलेला माणूस त्या खोलीत जवळपास नव्हता. मुख्य प्रशिक्षकाला ‘हे इथे चालणार नाही’ असं सांगायचा अनुभव किंवा वजन असलेलाही कोणी दिसत नाही. भाकरी का करपली, घोडा का अडला, पानं का सडली, या तिन्हींचं उत्तर आपल्याकडे एकच आहे: न फिरवल्यामुळे. इथे ती फिरवली चौथ्या हंगामाच्या शेवटी, नोव्हेंबर २०२१ मध्ये. आक्रमणाचे चार सहाय्यक एकदम काढले गेले आणि फ्रॉस्टचा पगार ५० लाखांवरून ४० लाख डॉलरवर आला.

आता ती रिकामी खोली. स्पेशल टीम्स म्हणजे लाथेचे सगळे डाव: पंट (चेंडू लाथेने दूर समोरच्याकडे सोपवणं), किकऑफ (खेळ सुरू करणारी लाथ), फील्ड गोल (खांबांमधून लाथ मारून तीन गुण), एक्स्ट्रा पॉइंट (टचडाउन, म्हणजे चेंडू समोरच्या टोकापलीकडे नेऊन सहा गुण घेतल्यावरची एका गुणाची लाथ). सामन्यातल्या साधारण दीडशे-पावणेदोनशे डावांपैकी हे पंचवीस-तीस असतात, पण एकेका डावात चाळीस-पन्नास यार्डांची उलथापालथ होते. नियमानुसार तेव्हा मैदानावर शिकवण्याची परवानगी दहाच सहाय्यकांना होती. त्यातला एक पूर्ण वेळ स्पेशल टीम्सना द्यायचा, की तो एखाद्या जागेच्या प्रशिक्षकाच्या गळ्यात जोडकाम म्हणून अडकवायचा, हा प्रत्येक मुख्य प्रशिक्षकापुढचा पेच असतो. फ्रॉस्टने पहिली चार वर्षं जोडकामाचा रस्ता धरला. मध्यंतरी ही जबाबदारी प्रत्यक्षात एका विश्लेषकाकडे होती. विश्लेषकाने व्हिडिओ बघायचा आणि कागद तयार करायचे; खेळाडूंना मैदानावर शिकवणं त्याला तेव्हा मना होतं. तो शिकवत होता, हे नंतर एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेच्या) चौकशीत मान्य झालं. २०२३ मध्ये विद्यापीठाला १०,००० डॉलर दंड आणि एक वर्षाची देखरेख, फ्रॉस्टवर एक वर्षाचं बंधन, असा निकाल लागला. दंड किरकोळ आहे. मला त्यातला दुसरा अर्थ महत्त्वाचा वाटतो: हे खातं चालवायला रीतसर नेमलेला माणूसच नव्हता.

त्याने काय होतं, ते २५ सप्टेंबर २०२१ च्या मिशिगन स्टेटविरुद्धच्या एका डावात दिसतं. नेब्रास्का २०-१३ ने पुढे, चौथा क्वार्टर संपत आलेला. दुसऱ्या अर्ध्यात मिशिगन स्टेटला एकही फर्स्ट डाउन (चार डावांत दहा यार्ड पुढे जाणं) मिळालेलं नाही. एक साधा पंट हवा होता. पंट दिशा ठरवून मारतात. उजवीकडे ठरलं, तर आपली माणसं सुटतानाच उजवीकडे झुकून धावतात, बाजूची रेषा हीच त्यांची भिंत असते, आणि परतवणाऱ्याला ते त्या कोपऱ्यात कोंडतात. पंचेचाळीस यार्डांच्या पंटला हवेत साधारण साडेचार सेकंद लागले पाहिजेत, तरच धावणारी माणसं चेंडूबरोबर पोहोचतात. या डावात माणसं उजवीकडे गेली आणि चेंडू डावीकडे. जेडन रीडने तो पकडला तेव्हा त्याच्या समोरची बाजू मोकळी होती. ६२ यार्ड, टचडाउन, बरोबरी. जादा वेळेत नेब्रास्का २३-२० ने हरलं.

पायाची दिशा चुकली म्हणून पंटरला दोष देता येतो. पण नीट बांधलेल्या पंट संघात यावर तोड आधीच बसवलेली असते. सगळ्यात बाहेरचा एक माणूस उलट्या बाजूला राखून ठेवतात, आणि चेंडू चुकीच्या दिशेला गेला तर मधली फळी ओरडून दिशा बदलते. हे वहीत लिहून येत नाही. आठवड्यातून तीन दिवस पंधरा-वीस मिनिटं मुद्दाम चुकीच्या बाजूला पंट मारून ते घोटावं लागतं. ती पंधरा मिनिटं मागणारा माणूस बैठकीत नसेल तर ती आक्रमणाकडे जातात.

त्याच वर्षाची बाकी यादी बघा. इलिनॉयविरुद्ध स्वतःच्या गोललाइनजवळ पंट पकडला, आणि त्यातून निसटण्याच्या धडपडीत चेंडू फेकून सेफ्टी, म्हणजे समोरच्याला दोन गुण, दिली. दहा यार्डांच्या रेषेवर टाचा ठेव आणि मागे जावं लागलं तर चेंडू सोडून दे, हा परतवणाऱ्याचा पहिला धडा आहे. त्याच सामन्यात दोन एक्स्ट्रा पॉइंट हुकले आणि सामना ३०-२२ ने गेला. ओक्लाहोमाने एक्स्ट्रा पॉइंट अडवून पलीकडच्या टोकाला नेला आणि दोन गुण घेतले; हार २३-१६. आयोवाविरुद्ध नेब्रास्का २१-६ ने पुढे होतं. चौथ्या क्वार्टरमध्ये पंट अडवला गेला, त्याचं टचडाउन झालं आणि शेवटी २८-२१ ने हार. पंटमध्ये चेंडू मागे फेकल्यापासून लाथ लागेपर्यंत साधारण दोन सेकंद मिळतात. त्यातले पाऊण फेकीत जातात आणि सव्वा पंटरच्या हातात. आतल्या बाजूने एकाने खांदा आधी फिरवला की ही दोन सेकंद पुरत नाहीत.

आणि हे काही २०२१ मध्ये अचानक उगवलं नव्हतं. फ्रॉस्टच्या दुसऱ्याच सामन्यात, २०१८ मध्ये, ट्रॉयने पंट परतवून टचडाउन केलं आणि सामना २४-१९ ने नेला होता. पूर्णवेळ स्पेशल टीम्स कोऑर्डिनेटर आला २०२२ मध्ये.

आता नशिबाचा मुद्दा. एका ताब्यातल्या, म्हणजे आठ किंवा कमी गुणांच्या फरकाच्या सामन्यांत फ्रॉस्टचा हिशेब ५-२२ आहे. २०२१ मध्ये ३-९ झालं, पण केलेले गुण दिलेल्या गुणांपेक्षा ६३ ने जास्त होते. नऊ पराभव मिळून ५६ गुणांचे, आणि एकट्या नॉर्थवेस्टर्नला ४९ गुणांनी धुतलेलं! साहजिकच अनेकांनी म्हटलं की पुढच्या वर्षी नशीब आपोआप सरळ होईल. गणित करून बघा: प्रत्येक अटीतटीचा सामना नाणेफेक मानला, तर २७ पैकी पाच किंवा कमी जिंकण्याची शक्यता तेराशेत एक येते. एवढं दुर्मीळ काही चार-पाच वर्षांत घडलं की नाणंच वाकडं आहे असं समजावं. अटीतटीचा सामना लाथेच्या डावांवर, चेंडू हातातून सुटण्यावर आणि शेवटच्या चार मिनिटांच्या हाताळणीवर ठरतो. तिन्ही गोष्टी सरावाच्या वेळापत्रकातून येतात.

चेंडू सुटण्याबद्दल थोडं. फ्रॉस्टच्या पद्धतीत क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये चारपाच यार्ड मागे उभा असतो, आणि चेंडू हातात येताच त्याची नजर संरक्षकाकडे जायला हवी. सेंटरची (ओळीच्या मधोमध उभं राहून चेंडू मागे देणाऱ्याची) फेक छातीऐवजी पायाशी आली तर नजर चेंडूवर खिळते आणि अख्खा डाव अर्धा सेकंद उशिरा सुरू होतो. २०१९ मध्ये सेंटरला कॅमरन जर्गन्स होता. टाइट एंडचा (ओळीच्या टोकाच्या खेळाडूचा) सेंटर केलेला, अंगाने जबरदस्त. पुढे २०२२ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स या व्यावसायिक संघाने त्याला निवडीच्या दुसऱ्या फेरीत घेतलं. पण त्या वर्षी त्याच्या फेकी भरकटत होत्या आणि तो सामन्यांतच शिकत होता. गुणी मुलगा होता, शंका नाही, मात्र वेगावर चालणाऱ्या आक्रमणात सगळ्यात कच्चा दुवा चेंडूच्या पहिल्या स्पर्शालाच ठेवला होता.

क्वार्टरबॅक एड्रियन मार्टिनेझ चार वर्षं खेळला. २०१८ च्या सलामीला, कोलोरॅडोविरुद्ध, त्याचा गुडघा दुखावला. दुसरा क्वार्टरबॅक हंगामाच्या तोंडावर सोडून गेला होता, त्यामुळे ट्रॉयविरुद्ध एक वॉक-ऑन उभा करावा लागला. पुढे मार्टिनेझ हाच गर्दीत शिरून धावायच्या डावांचा मुख्य आधार राहिला. बिग टेनचे लाइनबॅकर (संरक्षणाच्या दुसऱ्या फळीतले) दर आठवड्याला आदळत असताना दुखऱ्या अंगाचा क्वार्टरबॅक चेंडू घट्ट धरू शकत नाही. २०२१ ला मिशिगनविरुद्ध २९-२९ असताना तो असाच अडकला, पंचाची शिट्टी यायच्या आत चेंडू काढून घेतला गेला, आणि फील्ड गोलवर सामना गेला. वॅनडेल रॉबिन्सनचंही तेच. मूळचा रिसीव्हर, म्हणजे पास पकडणारा, पण रनिंग बॅक कमी पडले की त्याला मध्यातून धावायला लावायचे. तो केंटकी विद्यापीठात गेला आणि २०२१ मध्ये त्याने १०४ पास पकडून १,३३४ यार्ड काढले. हाताशी असलेल्या माणसाचं काय करायचं हे कळत नसलं, की नवी पोरं येत नाहीत ही तक्रार दुय्यम ठरते.

वेगवान आक्रमणाचा दुसरा खर्च संरक्षणावर पडतो. तीन डाव फसून पंट मारायला मिनिटभरही लागत नाही. मग आयोवा किंवा विस्कॉन्सिनचा संघ चाळीस सेकंदांचं घड्याळ शेवटपर्यंत वापरत सात-आठ मिनिटं चेंडू दाबून ठेवतो, आणि तुमची संरक्षणाची ओळ चौथ्या क्वार्टरमध्ये गुडघ्यांवर हात ठेवून उभी असते. फ्रॉस्टला हे नंतर उमगलं आणि त्याने वेग कमीही केला. पण वेग काढल्यावर त्या आक्रमणाचं दुसरं ओळखीचं रूप उरलं नाही. ना ओरेगॉन, ना जुना नेब्रास्का.

मग डब्लिनचा डाव. २७ ऑगस्ट २०२२, आयर्लंडमध्ये नॉर्थवेस्टर्नशी सलामी. तिसऱ्या क्वार्टरमध्ये नेब्रास्का २८-१७ ने पुढे जातं, आणि फ्रॉस्ट ऑनसाइड किक (मुद्दाम जवळच मारून चेंडू आपणच पटकावायचा किकऑफ) मागवतो. समोरच्याला कल्पना नसताना असा किक फळतो, म्हणून कल्पनाच वेडगळ होती असं नाही. पण अकरा गुणांनी पुढे असताना जिंकायला जे लागतं ते घड्याळ आणि अंतर. फसला तर समोरच्याला मैदानाच्या मध्यावर चेंडू मिळतो, म्हणजे निम्मा प्रवास फुकट. फसला. नॉर्थवेस्टर्नने त्याच ताब्यात टचडाउन केलं आणि ३१-२८ ने सामना घेतला. आपलं संरक्षण आघाडी सांभाळेल यावर विश्वास नसलेला प्रशिक्षक असा डाव मागवतो. तो अविश्वास खोटाही नव्हता: दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नने नेब्रास्काच्या घरी, लिंकनमध्ये येऊन ६४२ यार्ड काढले आणि ४५-४२ ने जिंकले. दुसऱ्या दिवशी, ११ सप्टेंबरला, फ्रॉस्टची नोकरी गेली. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर त्याला द्यायची रक्कम दीड कोटीवरून ७५ लाख डॉलरवर येणार होती. तीन आठवडे थांबायची तयारी राहिली नव्हती, यावरून तेव्हाच्या वातावरणाची कल्पना यावी.

मातृसंस्थेचा खरा संबंध इथे येतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये फ्रॉस्टचा नेब्रास्कातला हिशेब ८-१३ होता. त्याच वेळी विद्यापीठाने त्याचा करार दोन वर्षांनी वाढवून २०२६ पर्यंत नेला. बाहेरून आलेल्या माणसाला ८-१३ वर मुदतवाढ मिळाली असती असं मला वाटत नाही. त्याच्याकडून लेखी मागितलं गेलं असतं: स्पेशल टीम्स कोण बघतो, सहाय्यकांत काय बदलणार. मुदतवाढीने ती घासाघीस करण्याची ताकदच विद्यापीठाने गमावली, आणि पुढची काडीमोडही महाग करून ठेवली.

मातृसंस्थेत जाणं शाप आहे असंही कोणी समजू नये. स्टीव्ह स्परिअर फ्लोरिडात आणि कर्बी स्मार्ट जॉर्जियात घरीच जिंकले. सगळ्यात बोलकी तुलना मिशिगनच्या जिम हारबॉची. तोही तिथला जुना क्वार्टरबॅक. २०२० मध्ये २-४ झाल्यावर विद्यापीठाने त्याचा मूळ पगार जवळपास निम्मा केला. त्याने संरक्षणाचा कोऑर्डिनेटर बदलला आणि बाल्टिमोर रेव्हन्स या व्यावसायिक संघातून माइक मॅकडोनल्डला आणलं. पुढच्या वर्षी ओहायो स्टेटला हरवलं, २०२३ चा हंगाम १५-० करून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. कपात दोघांच्याही वाट्याला आली, अंतर दहाअकरा महिन्यांचं. फरक असा की हारबॉने त्याआधी सॅन फ्रान्सिस्कोच्या व्यावसायिक संघाला सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत नेलं होतं आणि कॉलेजमध्येही एक संघ उभा केला होता. कुठला भाग सडलाय हे ओळखायची त्याला सवय होती. फ्रॉस्टकडे मुख्य प्रशिक्षकपदाची दोनच वर्षं होती, आणि त्यातल्या एका वर्षात काहीच बिघडलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र फ्रॉस्टच्या बाजूने नोंदवायला हवी. त्याच्यानंतर आलेल्या मॅट रूलने पहिल्या दिवसापासून पूर्णवेळ स्पेशल टीम्स कोऑर्डिनेटर ठेवला. तरीही २०२३ चे शेवटचे चारही सामने नेब्रास्का एका ताब्याच्या आत हरलं, त्यातला आयोवाविरुद्धचा १३-१०, आणि हंगाम ५-७ वर संपला. बोल सामना मिळायला २०२४ उजाडावं लागलं, २०१६ नंतर पहिल्यांदा.